काजळलेला प्लग

"हा कुणाचा पंप खोकतोय?" हातातला पाना तसाच धरून वागिरान पाकदेंनी मान वळवली.

तळ्याच्या काठी ओळीने पंप चालू होते. प्रत्येकाची रबरी नळी टेकडी चढून ज्याच्या त्याच्या बटाट्यात गेलेली. त्या धडधडीत शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागे, पण पाकदेंना त्यातला एकेक पंप वेगळा ऐकू यायचा. पाकदे म्हणजे मोठे काका. ते साऱ्या गावाचेच होते. आमच्या दिएंगच्या पठारावर त्यांच्या कानांची ख्याती होती, आणि खरं सांगायचं तर त्यांना स्वतःलाही तिचा जरा जास्तच अभिमान होता.

ज्याचा पंप ते खोलून बसले होते तो कासिमुन उठून बघून आला. "रास्मिनीचा आहे. आत्ताच कोबीच्या गाडीतून उतरवला. खाली शहरात, वोनोसोबोला नेला होता म्हणे दुरुस्तीला."

"खाली कुणाकडे?"

कासिमुन घुटमळला. पाकदेंपुढे हा विषय गावात कुणी काढत नसे. "आता कुणाकडे म्हणजे... तुमच्या मार्योनोकडेच की. दुसरं कोण ओळखीचं आहे तिच्या तिथं?"

 पाकदेंनी पाना नटावर बसवला आणि फिरवला, तो उलटा. कासिमुनने ते पाहिलं आणि शहाण्यासारखा दुसरीकडे बघत राहिला.

रास्मिनीचा पंप चालत होता, पाणीही चढवत होता. दुसऱ्या कुणाला त्यात खोट दिसली नसती. पण त्याचा आवाज घशात अडकल्यासारखा होता, मधूनच एखादा ठोका गिळला जात होता आणि धूर काळपट येत होता. पाकदेंना उठून बघायची गरजच नव्हती. खालच्या हवेचा मोठ्या भोकाचा जेट, म्हणजे पेट्रोल आत सोडणारी बारकी तोटी, तसाच वर आला होता.

खाली हवा दाट. तिथं इंजिनाला जेवढं पेट्रोल लागतं तेवढंच इथं वर पाजलं तर आमच्या विरळ हवेत ते पुरतं जळत नाही. न जळलेल्याचं काजळ होतं आणि ते प्लगवर जाऊन बसतं. गरम आहे तोवर पंप कुरकुरत का होईना चालतो. एकदा थंड झाला की ठिणगी पडत नाही, आणि मग दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ येते. म्हणून नवा पंप पठारावर आला की आधी पाकदेंच्या अंगणात यायचा. ते कार्बोरेटर उघडून मोठ्या भोकाचा पितळी जेट काढायचे, बारीक भोकाचा घालायचे, हवेचा स्क्रू कानाने जुळवायचे आणि पंप थोडा वेळ पळवून प्लग काढून बघायचे. त्याच्या टोकाला भाजलेल्या कॉफीचा रंग आला की काम झालं. मोठे-बारीक सगळे जेट बिस्किटांच्या एका गोल पत्र्याच्या डब्यात असायचे. बिस्किटांच्या डब्यात बिस्किटं आमच्याकडे कुणाच्याच घरी नसतात, तांदळाच्या पापड्या असतात. पाकदेंकडे त्याही नसत, त्यामुळे ईदला आलेले पाहुणे हमखास फसायचे.

मार्योनो हा त्यांचा एकुलता एक मुलगा. बापाच्याच हाताखाली तयार झाला आणि मग खालच्या शहरात एका दुरुस्तीच्या दुकानात लागला. जाताना दोघांची चांगलीच जुंपली होती. पाकदे म्हणाले, "खालच्या हवेत कुणाचंही इंजिन चालतं. तिथं कसली आलीय कारागिरी?" त्यावर पोरगा म्हणाला, "लोक तुमच्याकडे येतात ते डोंगरावर दुसरं कुणी नाही म्हणून." रागात बोलला, पण बोलला. त्या दिवसापासून पाकदेंनी त्याचं नाव टाकलं. त्याचा फोन यायचा तो आईच्या फोनवर. ती बोलत असली की पाकदे चुलीतली लाकडं पुढे सारत बसायचे, आणि बोलणं संपेपर्यंत ती लाकडं काही केल्या नीट बसत नसत.

रास्मिनीच्या डोक्यात यातलं काही नव्हतं. पंपाची पिस्टन रिंग गेली होती, ती वर मिळत नव्हती आणि गाडी तशीही खाली निघाली होती. पाकदेंना सांगितलं असतं तर त्यांनी मागवून दिली असती, पण त्यात आठवडा गेला असता आणि पाण्यावाचून बटाटा थांबला नसता. त्या बटाट्यावर तिचं सगळं अडलं होतं. नवरा बोर्निओला पामच्या मळ्यात कामाला गेला तो तिकडचाच झाला. यंदाचं पीक हाती लागलं तर इथंच राहायचं, नाही तर धाकट्या बहिणीसारखं हाँगकाँगला घरकामाला जायचं आणि लारासला, म्हणजे सात वर्षांच्या पोरीला, आजीकडे ठेवायचं, हे तिनं ठरवून टाकलं होतं. गावात हे सगळ्यांना माहीत होतं. पाकदेंनाही होतं.

कासिमुनचा पंप कसाबसा जोडून पाकदे घरी आले आणि डबा मांडीवर घेऊन दारात बसले. त्यांच्या दारातून खालच्या रस्त्याचं वळण दिसतं. थोड्या वेळाने त्या वळणावर रास्मिनी दिसली. अंगावर तेच गाडीतले कपडे, डोक्याला फडकं गुंडाळलेलं. लारास मागे कुठंतरी रेंगाळत होती. रास्मिनी त्यांच्याच घराकडे चढत होती.

पाकदे उठले, आत आले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"दार कशाला लावलंत?" तुमिना बुदे, म्हणजे त्यांची बायको आणि गावाची मोठी काकू, चुलीपासून ओरडल्या. "धूर कोंडतोय ना आत."

"वारा येतोय."

"वारा? पान हलत नाहीये बाहेर."

आमच्या वस्तीत दिवसा कुणी दार लावत नाही. लोटलेलं असलं तर खाकरायचं, आत जायचं आणि सरळ चुलीपाशी बसायचं. चहा न मागता मिळतो. पण दार लावलेलं असेल तर ठोठावायचं नाही. घरच्यांना कुणी नको आहे असं समजून माघारी फिरायचं. लहान पोरांनाही हे शिकवावं लागत नाही.

बाहेर पावलं थांबली. मग धावत आलेली लहान पावलं, आणि लारासचा आवाज. "आई, पाकदे नाहीत घरी?"

"झोपलेत गं. नको उठवायला."

दोघींची पावलं उतरत गेली. तुमिना बुदे पळी हातात धरून नवऱ्याकडे बघत होत्या. पाकदे डब्यातले जेट निवडत होते, जणू काही तांदूळच.

संध्याकाळी आभाळ काचेसारखं स्वच्छ झालं. एक ढग नाही, वाऱ्याची झुळूक नाही. कोरड्या हंगामात असं आभाळ पडलं की आमच्याकडे कुणाला जेवण गोड लागत नाही. मशिदीतून परतताना जो तो तेच बोलत होता, "आज पडणार." पडणार ते दंव. आम्ही त्याला विषाचं दंव म्हणतो. पहाटे पानांवर बर्फाचा पापुद्रा धरतो, आणि तो अंगावर असताना ऊन पडलं की बटाट्याचं झाड जागच्या जागी भाजतं. उपाय एकच, उन्हाच्या आधी पाणी मारून तो पापुद्रा धुवून काढायचा. त्या पहाटे ज्याचा पंप चालला त्याचं पीक त्याचं.

जेवताना तुमिना बुदे म्हणाल्या, "रास्मिनीला सांगून या."

"काय सांगू?"

"ते मला काय विचारता? दुपारपासून तोंड कडू करून बसलायत. काहीतरी ऐकून आलात तुम्ही. एवढी वर्षं काय तुमचं नुसतं घोरणंच ऐकलंय मी?"

पाकदेंनी भात चिवडला. "ज्यानं बसवलं त्याला विचारावं तिनं. न विचारता दुसऱ्याच्या कामात हात घालायची रीत आहे का आपल्यात?"

"रीत म्हणे! रुसलोय म्हणा की सरळ."

"मी कशाला रुसू?"

"ते मी सांगायला हवं? पोरगी दारापर्यंत आली होती, अहो."

 उठता उठता पाकदेंनी डब्यातून एक बारीक जेट काढला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. सकाळी जाऊ, असं त्यांनी मनाशी म्हटलं. इतक्यात काही पडत नाही दंव, आभाळ असं याआधीही चार वेळा फसवून गेलंय. माणसाला हवं ते स्वतःला पटवून द्यायला फार वेळ लागत नाही, आणि पाकदे तर दिवसभर राबलेले होते. त्यांना झोप लागली.

फजरच्या अजानीआधीच तळ्यावर पहिला पंप सुरू झाला. त्यामागे दुसरा, मग एकामागून एक. पाकदे पांघरुणातच डोळे मिटून ऐकत होते. हा कासिमुनचा, हा मशिदीमागच्या म्हाताऱ्याचा, हा दोघा भावांचा सामायिक, ज्यावरून ते रोज भांडतात. सगळ्यांचे आवाज स्वच्छ होते, कारण ते सगळे त्यांनीच जुळवलेले होते. ते एका आवाजाची वाट बघत होते. बिघडलेला का असेना, तो यायला हवा होता.

तो आला नाही.

पाकदे उठले ते थंडीला पांघरायची लुंगी गळ्याभोवती गुंडाळत धावतच सुटले. गवत पायाखाली कुरकुर मोडत होतं. तळ्यावर पोचले तेव्हा रास्मिनी पंपावर पाय रोवून दोरी ओढत होती. ओढायची, सोडायची, पुन्हा ओढायची. दोरीने तिचा तळहात सोलून निघाला होता. कासिमुन शेजारी बॅटरी धरून उभा होता.

"माझी नळी लावून बघितली पाकदे," तो म्हणाला, "पोचत नाही. हिचं शेत पलीकडच्या उताराला. आणि हिची नळी माझ्या पंपाला बसत नाही."

"चोक ओढलास?" पाकदेंनी विचारलं.

"ओढला," रास्मिनी म्हणाली. "दहादा ओढला."

"मग प्यायला असणार तो पोटभर. सर बाजूला."

त्यांनी प्लग काढला. काळाकुट्ट, वर पेट्रोलने भिजलेला. त्यांना माहीत होतं तसाच. फडक्याने पुसला, तारेच्या ब्रशने घासला, कासिमुनच्या लायटरवर शेकला. मग कार्बोरेटरची वाटी खोलली. बोटं थंडीने लाकडासारखी झाली होती. मोठा जेट निघाला, पण खिशातला बारीक जेट बसवताना तो बोटांतून निसटला आणि बर्फाळ गवतात पडला. तांदळाच्या दाण्याहून जरासा मोठा असतो तो.

तिघंही गुडघ्यांवर बसून गवत चाचपू लागली. पूर्वेकडचं आभाळ उजळत होतं. रास्मिनी मध्येच उठली, दोन बादल्या तळ्यात बुडवल्या आणि चढण चढू लागली. तेवढ्या पाण्याने काय होणार हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण हात बांधून बघत बसणं तिच्याच्याने होईना.

जेट लारासला सापडला. ती कधी येऊन बसली होती कुणाला कळलंही नव्हतं. "हे का, पाकदे?"

पंप पहिल्याच दोरीला लागला. आवाज असा मोकळा निघाला की कासिमुन नकळत हसला, आणि मग टेकडीकडे बघून त्याचं हसू मावळलं. माथ्यावर ऊन आलं होतं. रास्मिनीचं शेत पूर्वेच्या उताराला सगळ्यात उंचावर. गावात ऊन आधी तिच्याकडेच पडतं. पाणी नळीतून चढून वर पोचेपर्यंत अर्ध्याहून जास्त वाफे सोन्यासारखे चमकत होते. फार सुंदर दिसतं ते. पाहुण्यांनी फोटो काढावेत असं, आणि आमचं पीक नेणारं.

खालच्या कडेच्या थोड्या ओळी वाचल्या. बाकीचं शेत दुसऱ्या दिवशी उकडल्यासारखं लोळलं आणि तिसऱ्या दिवशी काळं पडलं.

गावाने दोष द्यायचा तो मार्योनोला दिला. खालच्या हवेत बसून वरचे पंप दुरुस्त करतो म्हणे, बापाकडे एवढी वर्षं काय झाडू मारत होता का? तळ्यावर हे बोललं जायचं आणि पाकदे तिथंच बसलेले असायचे. कुणी म्हणायचं, "पाकदेंनी निदान पहाटे धावून जाऊन चार ओळी तरी वाचवल्या." तेव्हा ते उठून दुसऱ्या काठाला जायचे. लोकांना वाटायचं, पोराची लाज वाटतेय बिचाऱ्याला.

चार दिवसांनी लारास झाकलेला वाडगा घेऊन आली. आत उकडलेले बटाटे होते, सुपारीएवढे. "आईने दिलेत. तुम्ही पहाटे आलात ना, म्हणून." पाकदेंनी एक उचलला आणि परत वाडग्यात ठेवला. तुमिना बुदेंनी वाडगा त्यांच्या हातातून काढून घेतला, पोरीला गूळ दिला आणि नवऱ्याशी त्या दिवसभर एक अक्षर बोलल्या नाहीत.

रविवारी मार्योनो आला. घाट चढून त्याच्या मोटारसायकलचा जीव मेटाकुटीला आला होता. अंगणात ती बंद करतानाही फटफटली. पाकदेंना आतूनच कळलं की प्लग काळा असणार, आणि ते जागचे हलले नाहीत.

तो चुलीपाशी येऊन बसला. आईने चहा दिला. अर्धा कप त्याने चुलीकडे बघतच संपवला.

"बापाक," शेवटी तो म्हणाला. आमच्याकडे बापाला असंच म्हणतात, पण हा शब्द त्या घरात फार दिवसांनी उच्चारला गेला होता. "रास्मिनी तुमच्याकडे आली नव्हती का हो?"

"का?"

"मी तिला बजावून सांगितलं होतं. म्हटलं, रिंग मी बसवून देतो, पण वर गेल्यावर पंप आधी बापाकना दाखव. आतला बारीक जेट खोलताना चिरला, म्हणून दुकानातला मोठा घातलाय; बारीक आमच्या दुकानात मिळत नाहीत, ते त्यांच्या डब्यात आहेत. आणि मिळाला असता तरी खाली बसून वरचा आवाज मला कसा जुळवता येणार? ते त्यांनाच जमतं. अगदी असंच म्हटलं मी." त्याने कप खाली ठेवला. "मला वाटलं, त्या निमित्तानं तुम्हाला कळेल की..." त्याने पँटवरची राख झटकली. "विसरली असेल. शेताच्या घाईत राहून गेलं असेल तिच्या. पण लोक मला शिव्या घालतायत त्याचं काही नाही, ती बिचारी आता जाणार म्हणे."

पाकदेंना तिथंच थांबता आलं असतं. विसरली असेल, एवढ्यावर सगळं भागत होतं. तुमिना बुदे तव्यावरचं काही न उलटता उलथनं धरून उभ्या होत्या.

"विसरली नाही," पाकदे म्हणाले. "आली होती ती."

"मग?"

"मी दार लावून घेतलं."

"झोपला होतात?"

"नाही. तुझा हात लागलेला पंप होता, म्हणून. आवाज दुपारीच ऐकला होता मी. काय बिघडलंय तेही कळलं होतं." ते विस्तवाकडे बघत होते. "म्हटलं, बघू दे लोकांना. कळू दे, वरचं काम कुणाला येतं ते."

 चुलीतलं एक लाकूड सरकून बाहेर आलं होतं, ते मार्योनोने पुढे सारलं. मग दुसरं सारलं. अगदी बापासारखाच सारत बसला. रागावला असता तर पाकदेंना सोपं गेलं असतं. निघताना त्याने फक्त एवढंच विचारलं, "तिला सांगितलंत?"

"नाही."

"लोकांना मी काही बोलणार नाही. पण तिला सांगा."

दुसऱ्या दिवशी पाकदे चढण चढून गेले. मध्ये दोनदा बसावं लागलं त्यांना. रास्मिनी काळी पडलेली झाडं उपटून बांधावर टाकत होती. शेतात कुजका वास भरला होता. तिने त्यांना बघितलं आणि हात पुसत पुढे आली. "पाकदे! एवढं चढून कशाला आलात? निरोप धाडायचा, मी आले असते."

"निरोप धाडायचं काम नव्हे हे." ते बांधावर बसले. काय बोलायचं ते रात्रभर घोकून आले होते, पण आता त्यातलं एक वाक्य धड आठवेना. "तुझा पंप त्या दुपारी खोकत होता. मी ऐकलं होतं. अर्ध्या तासाचं काम होतं. मी सांगितलं नाही."

रास्मिनी उभीच होती.

"तू आलीस तेव्हा मी झोपलो नव्हतो."

"माहितीय, पाकदे."

त्यांनी मान वर केली.

"वळणावरून दिसलात ना तुम्ही. दारात बसला होतात. मला बघितलंत, उठलात आणि दार लावलंत." ती वाकली आणि पुढचं झाड उपटू लागली. "लारास मागे होती, तिनं नाही बघितलं. तिला म्हटलं झोपलेत. लहान आहे, उगाच तिच्या मनात तुमच्याविषयी काही राहायला नको."

"मग पहाटे? पहाटे का नाही बोलवायला आलीस मला? तेव्हाही वेळ होता."

"दार लावलेलं होतं, पाकदे," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. जे होतं तेच ती सांगत होती. मग एकदम तिचा धीर सुटला. हातातलं झाड तिने फेकून दिलं आणि तिथंच मातीत बसून रडायला लागली. "मी ठोठावायला हवं होतं. आता वाटतं, काय बिघडलं असतं? तुम्ही रागावला असता. रागावला असता तर रागावला असता! एवढी कसली माझी भीड? पोरगी सोडून जायची पाळी आली माझ्यावर."

पाकदेंना तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला, पण तो हक्क आपण घालवून बसलोय असं वाटून ते तसेच राहिले. थोड्या वेळाने ते उठले आणि तिच्या शेजारची ओळ उपटायला लागले. ऊन उतरेपर्यंत दोघंही न बोलता उपटत राहिली.

तळ्यावर त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं. आवाज मी ऐकला होता, पोराने निरोप धाडला होता, दार मी लावलं. कासिमुनला वाटलं, पोराला वाचवायला म्हातारा आळ अंगावर घेतोय. कितीतरी जणांना अजूनही तसंच वाटतं, आणि ते ऐकून पाकदे फार चिडतात.

त्या दिवसापासून त्यांनी घराचं दार लावणं सोडलं. दिवसा तर नाहीच, पण दंवाच्या पहाटेही नाही. चुलीची ऊब बाहेर जायची आणि गारठा आत यायचा. तुमिना बुदे दोन-दोन पांघरुणं घेऊन कुडकुडायच्या आणि तोंडाचा पट्टा सुरू ठेवायच्या, "अहो, मी मेले म्हणजे उघडं ठेवा, न्यायला सोपं जाईल." पण उठून दार मात्र त्यांनीही कधी लावलं नाही. गावात लोक हसत. म्हाताऱ्याचे कान गेले नाहीत, डोकं गेलंय, असं म्हणत.

रास्मिनी गेली ती अशाच एका पहाटे. शहराकडे जाणारी गाडी वळणावर उभी होती. लारास आजीच्या कडेवर होती, एवढी मोठी मुलगी, पण उतरायला तयार नव्हती. बॅग टपावर चढली. रास्मिनी पायरीवर एक पाय ठेवून थांबली आणि तिने वर बघितलं. दार उघडं होतं. आत चुलीचा उजेड होता आणि उंबऱ्यावर पाकदे डबा मांडीवर घेऊन बसले होते.

ते उठून उभे राहिले. तिने मान जराशी लववली आणि ती आत चढली.

गाडी घाट उतरायला लागली. पाकदे तिचा आवाज ऐकत उभे होते. खाली, आणखी खाली, तो हळूहळू मोकळा होत गेला आणि मग ऐकू येईनासा झाला.

"आता तरी आत या," तुमिना बुदे म्हणाल्या. "आणि लावा ते दार. गेली ती."

"तिची पोरगी आहे ना इथं," पाकदे म्हणाले आणि परत उंबऱ्यावर बसले.